झाड आपलं, तर दोरही आपलाच

गणपती उठले. आता ऐप्पसी महिना लागायच्या आत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, चेन्नईतल्या आवाराआवारात कुणी ना कुणी नारळावर चढेल. ईशान्य मोसमी पाऊस यायच्या आधी माड साफ करून घ्यायचे ही इथली रीत आहे आणि ती शहाणपणाची आहे. माझी विनंती त्या चढणाऱ्या माणसाबद्दल आहे. खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाला धरणारा पूर्ण पट्टा, ज्याला दुकानात फुल बॉडी हार्नेस म्हणतात, तो त्याच्या अंगावर नसेल तर त्याला चढू देऊ नका. तो म्हणाला “सवय आहे”, तरी नाही. सेक्रेटरी म्हणाले “दहा वर्षं हाच येतोय”, तरी नाही. आणि तो पट्टा त्यानं आणायचा नसून आपण आणून ठेवायचा आहे.

ज्यांना वेळ नाही त्यांनी इथेच थांबून पट्टा मागवला तरी माझं काम झालं. बाकीच्यांनी पुढचं वाचावं.

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. आमच्या आवारात चोवीस बिऱ्हाडं आणि अकरा माड. त्या वर्षी मी खजिनदार होतो, म्हणून झाडांचा दर ठरवायचं काम माझ्याकडे आलं. माणूस नेहमीचाच, पन्नाशीच्या आसपासचा. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो. त्याचं नाव मला त्या दिवशी संध्याकाळी इस्पितळाच्या कागदावर पहिल्यांदा दिसलं. पहाटे भुरभुर येऊन गेली होती. मी बाल्कनीतून ओरडून सांगितलं, पाऊस यायच्या आत उरका. हे वाक्य माझंच, आणि ते मी अजून ऐकतो.

त्याच्याजवळ काय होतं? पावलांत अडकवायची काथ्याची कडी, कमरेला मागे खोचलेला अरुवाळ, म्हणजे कोयता, गुडघ्यावर दुमडलेली लुंगी. सहा झाडं झाली. सातव्या झाडाच्या शेंड्याशी तो पोचला. तिथे एक क्षण असा येतो की खोड सोडून झावळ्यांत शिरावं लागतं. एक हात खोडाला, दुसरा वरच्या झावळीच्या देठाला. देठ वरून हिरवट दिसत होता, पण बुडाशी त्यानं खोड सोडलेलं होतं. झावळी हातात आली, आणि झावळी नि माणूस बरोबरच खाली आले.

चाळीस फूट, म्हणजे साधारण 12 मीटर. एवढ्या उंचीवरून खाली यायला दीड सेकंदाच्या थोडा वर वेळ लागतो आणि जमिनीला टेकताना वेग ताशी 55 किलोमीटर असतो. हे गणित मी नंतर मांडलं. तेव्हा मांडता येण्यासारखं काही नव्हतं. आम्ही चौघं धावलो, दोघांनी खांदे धरले, दोघांनी पाय, आणि त्याला रिक्षात बसवलं. हो, बसवलं. पाठीचा कणा मोडलेल्या माणसाला आम्ही घडी घालून रिक्षाच्या मागच्या सीटवर बसवलं आणि वर पाणी पाजलं. इस्पितळात तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “कसं आणलंत?” आम्ही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. तो वाचला. कमरेखाली हालचाल नाही. आमच्या उचलण्यानं त्यात किती भर पडली हे कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये पैसे गोळा झाले, बरेच झाले. कुणीच वाईट माणूस नव्हतं. पण हिशेबाच्या वेळी एकानं विचारलं, सहा झाडांचे द्यायचे की सात? प्रश्न हिशेबाचा होता, मीच हिशेब लिहीत होतो, आणि मला तो तेव्हा चुकीचा वाटला नाही. त्याची काथ्याची कडी वॉचमनच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. ती परत कुणाला द्यायची हे अजून ठरलेलं नाही.

आपल्या लोकांना दोराचं महत्त्व सांगायला लागावं हीच खरी गंमत. गोविंदाचंच घ्या. वरच्या थरावरच्या पोराच्या कमरेला दोर हवा की नको यावरून महाराष्ट्रात किती वर्षं भांडणं झाली! 2014 साली मुंबई उच्च न्यायालयानं वीस फुटांची मर्यादा घातली, पुढे वयाचा वाद झाला, हेल्मेट आलं, गाद्या आल्या, 2022 साली राज्य सरकारनं गोविंदांचा विमा काढला. त्या भांडणातून एक गोष्ट मात्र पक्की झाली. आता वरच्या पोराला दोर न लावता चढवणाऱ्या मंडळाकडे लोक संशयानं बघतात. तिथे वर चढणारं पोर आपलं असतं. इथे चढणारा आपला कुणी नसतो, आणि सगळा फरक तिथेच पडतो, असं मला वाटायला लागलंय. सिंहगडावरचे परतीचे दोर कापल्याची गोष्ट आपण पोरांना रंगवून सांगतो; तिथे दोर कापणारे आणि वर चढलेले एकाच बाजूचे होते.

या सगळ्यानंतर मी पट्ट्यांच्या मागे लागलो आणि माझं शिक्षण अगदी अनपेक्षित जागेवरून सुरू झालं. माझा भाचा मिनेसोटात असतो. त्याचा शेजारी दर हिवाळ्याच्या तोंडाशी धनुष्यबाण घेऊन हरणाच्या शिकारीला जातो आणि पहाटेपासून झाडावर बांधलेल्या फळीवर बसून राहतो. आपल्याकडच्या मचाणाचाच हा प्रकार. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर मचाण उरलं ते शेताच्या राखणीपुरतं, आणि ताडोबा-मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर जनावरं बघायला बसणाऱ्यांपुरतं. अमेरिकेत मात्र लाखो लोक असे झाडावर बसतात आणि पडतातही. बंदुकीच्या गोळीइतकीच, किंबहुना जास्त, भीती त्यांना झाडावरून पडण्याची असते. म्हणून त्यांचा हा धंदा, म्हणजे पट्ट्यांचा, फार पुढे गेलेला आहे. शिकार मला मुळीच पटत नाही, पण पट्टा पटला.

त्या शेजाऱ्यानं भाच्याला सांगितलेली पहिली गोष्ट अशी: वर निवांत बसलेला माणूस फारसा पडत नाही. पडतो तो चढताना, उतरताना, आणि सगळ्यात जास्त शिडीवरून फळीवर पाय टाकताना. म्हणजे नेमकं आमच्या अण्णाचं झालं ते. म्हणून त्यांचा नियम असा की पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत जमिनीला टेकेपर्यंत अंगावरचा पट्टा कशाला तरी अडकलेला असलाच पाहिजे. वर पोचल्यावर बांधीन, हे चालत नाही. त्यासाठी ते झाडाच्या वरच्या भागापासून मुळापर्यंत एक दोर कायमचा सोडून ठेवतात. त्या दोरावर प्रुसिकची गाठ असते. हाताने सरकवली तर ती वर सरकते, हिसका बसला की दोराला घट्ट आवळते. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकानं 1931 साली ती प्रसिद्ध केली. सह्याद्रीत सुळके चढणाऱ्या आपल्या पोरांना ती पाठ असते. तुमच्या घरात असं ट्रेकिंगवालं कुणी असेल तर या कामात त्याला आधी ओढा.

दुसरी गोष्ट कमरेच्या पट्ट्याची. आपल्याकडे सेफ्टी बेल्ट म्हटलं की डोळ्यांपुढे कमरेला आवळायचा रुंद पट्टा येतो. तो स्वस्त असतो आणि दुकानदार आधी तोच दाखवतो. तो घेऊ नका. कमरेच्या पट्ट्यावर माणूस लटकला की मधोमध दुमडतो. बरगड्या, प्लीहा, कणा यांच्यावर सगळा हिसका येतो, आणि डोकं खाली गेलं तर तो पट्ट्यातून निसटतोही. अमेरिकेत पडणाऱ्याला झेलायच्या कामासाठी कमरेचे पट्टे 1 जानेवारी 1998 पासून बंदच केलेत. पूर्ण हार्नेसमध्ये तोच हिसका मांड्या, नितंब आणि खांद्यांवर वाटला जातो. पाठीवर दोन खांद्यांच्या मधे एक लोखंडी कडी असते. पडलेला माणूस तिच्यावर उभाच्या उभा लटकतो. कमरेच्या दोन बाजूंना आणखी दोन कड्या असतात. माडासाठी त्या हव्यातच. त्या का, ते पुढे सांगतो. खरेदी करताना लेबलावर आयएसआयची खूण आणि आयएस 3521 हा आकडा शोधा. पट्ट्यांचं भारतीय मानक तेच, आणि 2021 साली ते नव्यानं सुधारलं गेलं. लेबलच नसेल तर दुकानातून बाहेर पडा.

आता मुख्य अडचण, आणि ती खरी आहे. शिकाऱ्याचं झाड ओकचं नाहीतर मेपलचं असतं, त्याला फांद्या असतात. माडाला फांदीच नाही. वर दोर बांधायचा तर आधी वर जायला हवं, आणि जायचं तर दोर हवा! ही कोंडी फोडायला विजेच्या खांबावर चढणाऱ्यांची पद्धत कामाला येते. खोडाभोवती एक दोर फिरवून त्याची दोन टोकं कमरेच्या दोन बाजूंच्या कड्यांना लावायची. माडाचं खोड शेंड्यापर्यंत मोकळं असल्यामुळे हा वळसा माणसाबरोबर वर सरकत जातो. आंब्यावर किंवा फणसावर हे जमत नाही. नुसता सैल वळसा मात्र फसवा असतो. पाय सुटला तर गुळगुळीत, ओल्या खोडावरून तो माणसासकट घसरत येतो. म्हणून खोडाला फासासारखा आवळणारा दोर घ्या, म्हणजे वजन पडलं की चिमटा बसतो. आणि तो नुसत्या नायलॉनचा नको, आत पोलादी तार असलेला हवा. कारण साधं आहे: वर गेल्यावर त्याच्या हातात अरुवाळ असतो. झावळीच्या देठावर घातलेला घाव चुकला तर दोरावर बसतो. स्वतःचा दोर स्वतःच कापणं ही या कामातली कल्पनेतली भीती नाही.

शेंड्याशी पोचल्यावर, झावळ्यांत हात घालायच्या आधी, दुसरा दोर. तो झावळ्यांच्या खाली, खोडाला वेढा देऊन बांधायचा आणि पाठीवरच्या कडीला लावायचा. झावळीच्या देठाला किंवा नारळाच्या पेंडीच्या दांड्याला कधीही नाही. एका माडाला वर्षात बारा-चौदा नवीन झावळ्या फुटतात आणि साधारण तेवढ्याच जुन्या गळतात. म्हणजे महिन्याला एक झावळी सुटायच्या बेतात असतेच, आणि ती कुठली हे खालून ओळखू येत नाही. पहिला दोर हलवायचा तो दुसरा लागल्यावरच. दोन्ही सुटे असा क्षण येऊ द्यायचा नाही.

दुसऱ्या दोराची लांबी जेमतेम असू द्या. पट्ट्याबरोबर मिळणाऱ्या दोरात बऱ्याचदा हिसका शोषणारी एक पुरचुंडी असते. माणूस पडला की तिची शिवण टराटरा उसवत जाते, आणि अंगावर येणारा हिसका 6 किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे 600 किलो वजनाच्या आत राहतो. तिच्यावाचून हाच हिसका हाडं मोडायला पुरतो. पण त्या उसवण्यात जवळजवळ पावणेदोन मीटर जातात, दोराचे दोन मीटर जातात, वर माणसाची उंची. म्हणजे खाली सहा मीटर मोकळे नसतील तर पट्टा असूनही पाय फरशीला लागणार. दोर खांद्याच्या वर बांधला आणि आखूड ठेवला की मुळात पडायची उंचीच हातभर राहते.

मांडीचे पट्टे बांधले की सपाट तळहात आत सरकला पाहिजे, मूठ सरकता कामा नये. लुंगीवरून हार्नेस नीट बसत नाही. जाड हाफपँट द्या. आमच्याकडे आता पट्ट्याशेजारी दोन मापांच्या खाकी चड्ड्या धुऊन ठेवलेल्या असतात. हसू येतं, पण चढणाऱ्याच्या “बेल्टनं काम होत नाही” या तक्रारीमागचं निम्मं कारण लुंगी असतं, उरलेलं कारण पैसा.

पैशाबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तक्रार त्याची असली तरी चूक आपली आहे. आपण झाडामागे पैसे देतो. पट्टा लावून, दोर हलवत, दोनदा तपासत चढलं तर एका झाडाला दुप्पट वेळ जातो. म्हणजे सुरक्षित काम करणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी आपण निम्म्यावर आणतो आणि वर त्याला बेफिकीर म्हणतो. झाडामागचा दर सोडा. दिवसाचे पैसे ठरवा, आणि दिवसाला पाच-सहा झाडांच्या वर नको म्हणा. ओल्या खोडावर नाही, वाऱ्यात नाही, दारू प्यायलेल्याला नाही, एकट्याला नाही. पाऊस आला आणि काम अर्धं राहिलं तर पैसे पूर्ण. आमच्या कमिटीत या शेवटच्या मुद्द्यावर दोन मीटिंगा गेल्या. मी हट्ट सोडला नाही, त्यामुळे आता मी खजिनदार नाही, पण ठराव झालेला आहे.

खाली एक जाणता माणूस सबंध वेळ उभा हवा, झाडाखाली नव्हे, बाजूला. कारण पट्ट्यानं झेलल्यावर काम संपत नाही. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साकळतं आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते; पुढे जिवावरही बेतू शकतं. शिकारी म्हणूनच पट्ट्याला एक फास लावून ठेवतात, त्यात पाय रोवून लटकल्या जागी उभं राहता येतं. आपण तो नुसत्या दोराचाही करू शकतो. लटकलेल्याला पाय हलवत राहायला सांगा, शिडी लावून पायाला टेका द्या, आणि 108 बरोबर अग्निशमन दलालाही फोन करा. वर जाऊन त्याला उतरवायचं धाडस शिकलेल्या माणसाखेरीज कुणी करू नये.

आणि पट्ट्याविना कुणी पडलाच, तुमच्या आवारात किंवा रस्त्यावर, तर आम्ही केलं ते करू नका. उठवून बसवू नका. पाणी पाजू नका. श्वास चालू आहे ना एवढं बघा, डोकं दोन्ही हातांनी आहे त्या स्थितीत धरून ठेवा आणि 108 येईपर्यंत धरूनच ठेवा. हलवणं अगदीच भाग पडलं तर चार-पाच जणांनी मिळून, लाकडाच्या दारासारख्या सपाट फळीवर, सबंध अंग एका रेषेत ठेवून. चेन्नईपासून तीन तासांवर वेल्लोर आहे. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मेरी वर्गीस या 1954 च्या अपघातानंतर स्वतः चाकाच्या खुर्चीवर आल्या, आणि त्याच खुर्चीतून शस्त्रक्रिया करत त्यांनी 1966 साली तिथे पुनर्वसनाची संस्था उभी केली. मी अण्णाबरोबर पुनर्वसनाच्या वॉर्डात गेलो आहे. तिथे शेजारच्या खाटेवरच्या माणसाला “कशामुळे?” विचारलं तर बोट वर जातं. झाड म्हणायचीही गरज पडत नाही.

काही जण म्हणतील, मग यंत्रं का आणत नाही? आणा, जरूर आणा. केरळात कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरीच्या जोसेफ नावाच्या शेतकऱ्यानं दोन चौकटींचं, पायांनी आळीपाळीने वर सरकवायचं यंत्र काढलं, ते आज त्या गावाच्या नावानंच ओळखलं जातं. 2011 पासून नारळ विकास मंडळानं ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ या योजनेत हजारोंना त्यावर चढायला शिकवलं, त्यात बायकाही पुष्कळ. पण एक लक्षात ठेवा: मुळातलं यंत्र माणसाला वर नेतं, धरून ठेवत नाही. सुरक्षेची जोड त्याला कासरगोडच्या संशोधन संस्थेनं नंतर दिली. तेव्हा यंत्र असलं तरी पट्टा हवाच. याच मंडळाची ‘केरा सुरक्षा’ नावाची अपघात विमा योजना आहे, हप्त्यातला मोठा वाटा मंडळ भरतं आणि संरक्षण काही लाखांचं मिळतं. आमच्या अण्णाला ती माहीत नव्हती. मलाही नव्हती, आणि मी इंटरनेट वापरणारा खजिनदार! मंडळाचं प्रादेशिक कार्यालय चेन्नईतच आहे. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाचा अर्ज तुम्ही भरा, त्याच्या वाट्याचा हप्ताही तुम्हीच भरा. ‘हॅलो नारियल’ या त्यांच्या दूरध्वनी सेवेवरून शिकलेला चढणाराही मिळू शकतो.

आणि न चढताच भागत असेल तर सोन्याहून पिवळं. वीस फुटांपर्यंतच्या झाडाला लांब काठीची आकडी पुरते, फक्त जवळून विजेची तार जात असेल तर ॲल्युमिनियमची काठी हातात घेऊ नका. आधी वीज मंडळाला सांगून पुरवठा बंद करून घ्या. उंच झाडांसाठी तासावर भाड्यानं मिळणारी पाळण्याची गाडी तीन-चार सोसायट्यांनी मिळून बोलवावी. हिरव्या झावळ्या छाटून माडाचं मुंडण करायची हौस तर सोडूनच द्या, त्यानं झाड खंगतं. वादळापूर्वी तयार नारळ आणि सुटू पाहणाऱ्या झावळ्या काढल्या की पुरे. 2016 च्या डिसेंबरात वरदा आलं तेव्हा शहरात हजारो झाडं आडवी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वाऱ्याची भीती मला कळते. नवं झाड लावायचं असेल तर चौघाट ऑरेंज ड्वार्फसारखी ठेंगणी जात लावा. शहाळंही छान येतं आणि पुढची बरीच वर्षं ते जमिनीवर उभं राहून काढता येतं.

हे आवाहन मराठीत लिहायचं कारण, आपण इथे विखुरलेले आहोत. सौकारपेठेत सोन्या-चांदीची गलाई करणारी विटा-आटपाडीकडची घरं, ओएमआरला आयटीतली पोरं, बदलीवर आलेली बँकवाली, आणि तीन शतकांपासून इथलीच झालेली तंजावरकडची मराठी कुटुंबं. कुणाच्या दारात माड आहे, कुणाच्या फक्त कमिटीच्या अजेंड्यावर. पण अवघडलेपण सगळ्यांचं एकच आहे: तमिळ येत नाही, मग वाद कसा घालायचा? वाद घालायला लागत नाही. एक वाक्य पुरतं. “अण्णा, मोदल्ल बेल्ट, अप्पुरम् मरम्.” आधी बेल्ट, मग झाड. मी गेल्या वर्षभरात हे वाक्य रंगाऱ्यांना म्हटलंय, खिडकीबाहेरच्या सज्ज्यावर उभं राहून एसी बसवणाऱ्या पोराला ‘मरम्’च्या जागी ‘एसी’ घालून म्हटलंय. तो हसला. बेल्ट मात्र आम्ही दिला तेव्हाच घातला.

मुदत खंडेनवमीची ठेवू या. त्या दिवशी इथे आयुधपूजा असते. रिक्षापासून लेथ मशिनपर्यंत सगळ्याला हळद-कुंकू लागतं, आपणही शस्त्रं-अवजारं मांडतो. त्यात या वर्षी एक हार्नेस, तारेचा एक दोर आणि एक हेल्मेट मांडता येईल इतक्या आत ते घरी यायला हवं. मधे पितृपंधरवडा आहे आणि त्यात नवी वस्तू घ्यायची नाही म्हणतात. माझी आई असती तर तिनंही तेच म्हटलं असतं, पण या एका खरेदीला तिनं सूट दिली असती असं मला वाटतं. चोवीस बिऱ्हाडांत वाटला तर खर्च घरटी एका पिझ्झ्याइतकाही येत नाही.

आणलेला संच उन्हात टांगून ठेवू नका, नायलॉन उन्हानं मरतं. चेन्नईच्या खाऱ्या हवेत हूक गंजतात. दर वेळी वापरायच्या आधी स्प्रिंग दाबून बघा, शिवणीवरून बोट फिरवा. रंगाचा, बॅटरीच्या ॲसिडचा डाग पडलेला पट्टा बाद समजा. एकदा कुणाला झेललेला पट्टा तर त्याच दिवशी कात्रीनं कापून टाका, म्हणजे कुणी उचलून पुन्हा वापरणार नाही.

आमचा संच वॉचमनच्या खोलीत आहे, त्या काथ्याच्या कडीच्या शेजारच्या खिळ्याला. आसपासच्या कुठल्याही आवाराला तो दोन दिवसांसाठी मिळेल, भाडं नाही. वहीत तारीख, सोसायटीचं नाव आणि चढणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायचं, एवढी एकच अट. ओला झाला असेल तर सावलीत वाळवून परत आणा.